एकशे ब्याण्णवचा स्टिकर

परवा ऑफिसातल्या एका मित्राने विचारलं, "घरच्या जुन्या कॅसेटी डिजिटल करायच्यात, ९६ चा इंटरफेस घेऊ की १९२ चा?" मी म्हटलं, आधी लेव्हल बघायला शिक. साहेब रागावले. तेव्हा आजचं हे सगळं त्याच्यासाठी, आणि ज्यांना आकडा मोठा दिसला की माल चांगला वाटतो त्या सगळ्यांसाठी.

आमचं घर महाडला, मूळ गाव पोलादपूर तालुक्यात. १९९१ च्या मे महिन्यात काका मुंबईहून सुट्टीला आला तो टू-इन-वन घेऊन. जात्याजवळ ठेवून त्याने आजीच्या ओव्या भरल्या. सी-९० ची एक कॅसेट, दोन्ही बाजू. आजी गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, म्हणजे माझ्यासाठी आजी बरीचशी या कॅसेटमध्येच. २०१९ मध्ये आम्ही ती मुंबईतल्या एका स्टुडिओवाल्याला दिली. त्याने कॅसेट परत केली, सोबत पेन ड्राइव्ह, आणि वर दिमाखात स्टिकर: १९२ किलोहर्ट्झ, २४ बिट. बिल अर्थातच त्या स्टिकरला शोभेल असं. फायली इतक्या अवजड की काकाच्या फोनवर उघडेनात, म्हणून कुणी नीट ऐकल्याच नाहीत. मीही नाही. (इंजिनीअरिंगचा विद्यार्थी होतो, 'हाय-रेझ' वाचूनच गार झालो होतो.)

जुलै २०२१ ला महाडात पाणी भरलं. कॅसेटीचा डबा चिखलात गेला. पेन ड्राइव्ह माझ्याकडे पुण्यात होता म्हणून वाचला.

त्यानंतर आत्याला ऐकवलं. पहिलीच ओवी, आजीने आवाज चढवला आणि आत्या म्हणाली, "आईचा आवाज असा फुटका नव्हता रं."

नव्हताच. ऑडॅसिटीत फाइल उघडली तर जिथे जिथे आजी खुलून गायलीय तिथे लहरीचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट. गेन जास्त ठेवला होता, एवढंच. स्पेक्ट्रोग्राम काढला तर आणखी मजा. सामान्य कॅसेटवर १२-१५ किलोहर्ट्झच्या वर धड काही उरत नाही, टू-इन-वनच्या माइकने तर त्याहून कमी पकडलेलं. १९२ च्या सेटिंगने ९६ किलोहर्ट्झपर्यंतची जागा राखून ठेवली होती, आणि त्या जागेत सापडलं काय? खरखर, आणि कापलेल्या माथ्यांतून तयार झालेले खोटे पट्टे. म्हणजे त्या महागड्या आकड्याने जास्तीचं काही टिपलं असेल, तर ती स्टुडिओची चूक!

ज्यांना हे तांत्रिक वाटतंय त्यांनी सावित्रीच्या पुलाला लावलेली पाण्याची पट्टी डोळ्यासमोर आणावी. सॅम्पल रेट म्हणजे तासाला किती वेळा पातळी वहीत लिहिता. बिट म्हणजे पट्टीवरच्या खुणा किती बारीक. गेनने ठरतं पाणी पट्टीत मावणार की नाही. पाणी पट्टीच्या वर गेल्यावर सेकंदाला शंभर नोंदी करा नाहीतर केसाएवढ्या खुणा आखा, वहीत एकच गोष्ट येणार: 'पट्टी बुडाली'.

आता हिशोब. जी सर्वात वरची फ्रीक्वेन्सी हवी तिच्या दुपटीहून जास्त सॅम्पल घ्यावे लागतात. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत, म्हणून १९८२ साली आलेल्या सीडीला ४४.१ पुरले. एका बिटला साधारण ६ डेसिबल, म्हणजे १६ बिटचे ९६ च्या आसपास. डॉल्बी नसलेल्या कॅसेटची स्वतःची रेंज पन्नाशीची. मग २४ बिट कशाला? तर कॅसेट बारीक होईल म्हणून नाही, निवांतपणासाठी. माथ्यावर १२-१५ डेसिबल मोकळे सोडले तरी खाली काही हरवत नाही. २४ बिटचा हा एकच मोठा फायदा, आणि आमच्या स्टुडिओवाल्याने नेमका तोच वापरला नाही.

"पण पुढच्या पिढ्यांसाठी?" हा प्रश्न हमखास येतो. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संस्था, आयासा, हिच्या मार्गदर्शक सूचनांत किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सांगितलंय. संग्रहालयं ९६ वापरतात, वापरोत बापडी, त्यांच्याकडे मशीन ट्यून करणारा माणूस असतो. आपल्याकडे काय असतं? १९२/२४ स्टिरिओत सी-९० ची फाइल सहा जीबीच्या वर जाते, साध्या वेव्हची मर्यादा चार. म्हणजे मध्येच तुकडा पाडा. तीच कॅसेट ४८/२४ मोनोत पाऊण जीबी. एकाच माइकवर भरलेल्या आवाजाला स्टिरिओ कशाला, हा प्रश्नही कुणी विचारत नाही.

खरी मेहनत कुठे आहे ते स्टिकरवर छापता येत नाही. हेड साफ करणं. बारक्या स्क्रू ड्रायव्हरने हेडचा कोन जुळवणं (याने जेवढा आवाज उघडतो तेवढा कुठल्याही सेटिंगने उघडत नाही, करून बघा). लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर न खुपसणं, आवाज आपोआप वरखाली करणारी सगळी सोय बंद करणं. आणि भरताना पूर्ण दीड तास कान लावून बसणं. त्या स्टुडिओत कुणी पाच मिनिटं जरी हेडफोन लावला असता तर आजी फुटली नसती.

डी-क्लिप नावाचं सॉफ्टवेअर चालवून पाहिलं. माथे गोल होतात, पण ते अंदाजाने काढलेले. आत्या म्हणाली बरं वाटतंय. तिने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं, हे मला कळतं.

पोलादपूरला आत्याकडे खोक्यात गावच्या भजनी मंडळाच्या अकरा कॅसेटी आहेत, दोनवर बुरशी. त्यातल्या एकीच्या शेवटी आजीच्या चार ओव्या असतील असं तिला वाटतं, कुठल्या ते आठवत नाही. पुढच्या शनिवारी डेक घेऊन जातोय. ४८, २४, मोनो, माथ्यावर १५ डेसिबल मोकळे. त्याआधी डेकचा बेल्ट बदलायचाय, सैल झालाय.