प्लुटो तोच, पाटी बदलली

प्लुटोला ग्रहांच्या यादीतून काढल्याची हळहळ अजून संपलेली नाही. ‘बिचाऱ्याचे काय चुकले?’ असे मोठी माणसेही विचारतात.

चुकले काहीच नाही. 1930 मध्ये सापडलेला प्लुटो नववा ग्रह मानला गेला. पुढे त्याच्या आसपास तशाच बर्फाळ गोलांचा मोठा पट्टा आढळला. 2005 मध्ये जवळजवळ त्याच्याएवढाच एरिस जाहीर झाला. आता एरिसला दहावा ग्रह म्हणायचे, की ग्रह कशाला म्हणायचे ते ठरवायचे? आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने 24 ऑगस्ट 2006 रोजी प्राग येथे मतदान घेऊन निकष ठरवले. ग्रहाने सूर्याभोवती फिरावे, गोलाकार असावे आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा. तिसऱ्या अटीत प्लुटो बसला नाही. एरिस, हौमिया, माकेमाके यांच्यासारखा तोही बटुग्रह ठरला. 2015 मध्ये न्यू होरायझन्स यान जवळून गेले, तेव्हा त्याच प्लुटोवर बर्फाचे उंच डोंगर दिसले. ही व्याख्या आजही काही शास्त्रज्ञांना मान्य नाही आणि ते तसे उघडपणे सांगतात. विज्ञानातली पाटी अशी असते: तिला निकष असतो आणि पुरावा आला की ती बदलता येते.

महाडकरांना दुसऱ्या प्रकारची पाटीही ठाऊक आहे. चवदार तळ्याचे पाणी माणसांना केवळ जन्मावरून नाकारले जात होते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी ते पाणी प्राशन केले, तर त्यांच्या माणसांवर हल्ला झाला आणि नंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. पाणी होते तसेच होते. त्या पाटीमागे ना मोजमाप होते, ना पुरावा.

सरकारी रुग्णालयात काम करताना मला या दुसऱ्या पाटीची धास्ती वाटते, कारण ती आजाराच्या नावानेही लागते. कुष्ठरोगावर औषधे सुरू झाली की थोड्याच दिवसांत रुग्णापासून लागण होण्याची भीती राहत नाही. पूर्ण उपचाराने तो बरा होतो. तरीही काही घरांत बऱ्या झालेल्या माणसाचा पेला वेगळा ठेवला जातो, लग्नाच्या पंगतीत त्याला टाळले जाते. डॉक्टरांच्या कागदावर आजार संपलेला असतो. घरात मात्र तो चालूच राहतो.

प्लुटोला आपण काय म्हणतो, याने प्लुटोचे काही अडत नाही. माणसाचे अडते. घरात असा वेगळा पेला असेल, तर तो आजच इतर पेल्यांत ठेवा.