दार एकच उघडा, भिंत पाडू नका



गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी दुपारी बैठकीहून घरी आलो, मंडळाचा जमाखर्च लिहायला संगणकापुढे बसलो, तर पडद्यावर लाल फुलीची सूचना. संगणकाचा फायरवॉल बंद! चिरंजीव नववीत आहेत. त्यांना बोलावले. मान खाली घालून म्हणाले, "बाबा, माझ्या गेमच्या सर्व्हरवर मित्रांना येता येत नव्हतं. कोणीतरी सांगितलं, फायरवॉल बंद कर, लगेच येतील."

"मग आले का?"

"नाही ना!"

म्हणजे भिंतही पाडली आणि पाहुणेही आले नाहीत.

मला राग आला, हे कबूल करतो. आमच्या घणसोलीच्या घरात संगणक एकच, तोही जुना घेतलेला. थोरलीच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, आईच्या पेन्शनचे कागद, मंडळाच्या वर्गणीचा हिशेब, सगळे त्यातच. लोकांची पै-पै त्या हिशेबात आहे. मी म्हणालो, "आजपासून गेम बंद."

तेव्हा मुलांची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बंद करणं सोपं आहे हो. चौघं पोरं एका जिन्यात वाढली. एक उलव्याला गेला, एक वडिलांचं काम सुटल्यावर नांदेडकडे गावी गेला. रात्री तासभर भेटतात, तेही त्या गेममध्ये. दार कसं उघडायचं ते शिकवा की!"

मग चिरंजीवांनी मला आत काय बांधले ते दाखवले. माइनक्राफ्ट नावाचा तो खेळ, ठोकळ्यांचे घर रचण्याचा. पोरांनी त्यात आमच्या इमारतीमागचे मैदान रचले होते. खेळपट्टी, बाक आणि पाण्याची टाकीसुद्धा. त्यानंतर 'बंद' हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. बापलेक शिकायला बसलो.

मी कारकून. मला समजले ते कचेरीच्या भाषेत. आपल्याकडे आवक-जावक नोंदवही असते ना, तसाच फायरवॉल. संगणकातून बाहेर जाणारी जावक तो सहसा अडवत नाही. बाहेरून न मागता येणारी आवक मात्र नोंद नसेल तर परत पाठवतो. संगणकाला हजारो क्रमांकांची दारे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. माइनक्राफ्टच्या संगणकावरच्या जावा आवृत्तीचे नेहमीचे दार २५५६५, प्रकार टीसीपी. मोबाइलवर चालणाऱ्या बेडरॉक आवृत्तीचे १९१३२, प्रकार यूडीपी. दोन्ही आवृत्त्या एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून मित्र कोणती खेळतो ते आधी विचारावे.

तेव्हा पहिले काम केले ते फायरवॉल पुन्हा चालू करण्याचे. मग विंडोजच्या फायरवॉलमधील 'अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज', तिथे 'इनबाउंड रूल्स', म्हणजे आपली आवक. 'न्यू रूल', 'पोर्ट', 'टीसीपी', २५५६५, 'अलाउ'. फक्त 'प्रायव्हेट' या खुणेपुढे टिक केली आणि घरचे वायफायही 'प्रायव्हेट' आहे ना ते पाहिले. एवढ्यावर काम व्हायला हवे होते, पण झाले नाही. कारण गमतीचे आहे. सर्व्हर पहिल्यांदा चालू केला तेव्हा विंडोजने परवानगी विचारली होती आणि चिरंजीवांनी घाईत 'कॅन्सल' दाबले होते. त्यामुळे जावाच्या नावापुढे नकाराची नोंद पडून राहिली होती. फायलीवर जुना नकाराचा शेरा असेल तर नवी मंजुरी चालत नाही, तसेच इथेही. नकार मंजुरीवर मात करतो. ती जुनी नोंद काढली आणि थोरलीच्या लॅपटॉपवरून, घरच्याच वायफायवर, खेळात शिरता आले.

उलव्याचा मित्र मात्र बाहेरच. कारण संगणकाच्या दारानंतर राउटरचे दार असते. घरातल्या यंत्रांना राउटर १९२.१६८ ने सुरू होणारे खोली क्रमांक देतो, बाहेरच्या जगाला फक्त इमारतीचा पत्ता दिसतो. म्हणून राउटरला सांगावे लागते की २५५६५ साठी कोणी आले तर अमुक खोलीत पाठव. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. खोली क्रमांक बदलू नये म्हणून तो राउटरमध्येच कायम करून ठेवावा. आम्ही तेही केले. तरी मित्र बाहेरच!

दोन संध्याकाळी डोके खाजवल्यावर उलगडा झाला. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जगात सुमारे ४३० कोटी. आशिया-प्रशांत भागातला त्यांचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच जवळपास संपला. म्हणून अनेक कंपन्या एकाच पत्त्यावर कित्येक घरे बसवतात. राउटरवर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल तर समजावे, मोठ्या फाटकाची किल्ली कंपनीच्या पहारेकऱ्याकडे आहे. आमचे तसेच निघाले. मग आपल्या राउटरमध्ये कितीही दारे उघडा, पाहुणा फाटकावरच अडतो. इंटरनेटवाल्याला विचारले, तर स्वतंत्र पत्त्याचे दरमहा वेगळे पैसे सांगितले. परवडणारे नव्हते.

शेवटी मार्ग सापडला तो टेलस्केल, झीरोटियर यांसारख्या खाजगी जाळ्याचा. आपण ज्याला सामील करून घेऊ तोच आत येतो आणि राउटरमध्ये दार उघडावे लागत नाही. घरगुती वापरापुरते फुकट मिळते. संगणकातली आवक नोंद मात्र लागतेच. या नव्या जाळ्याला विंडोजने 'पब्लिक' ठरवले तर ते 'प्रायव्हेट' करून घ्यावे. राउटरमधली उघडलेली नोंद आम्ही त्याच रात्री पुसली. नांदेडकडच्या पोराचा आवाज आला, "अरे, टाकी चुकीच्या बाजूला बांधलीस!" घरात सगळे हसलो.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? राउटर होताच ना मध्ये? खरे आहे, बाहेरचा माणूस थेट आला नसता. पण घरच्या वायफायवर पाहुण्यांचे, शेजाऱ्यांचे फोन आणि लॅपटॉप येतात. त्यातला एखादा बाधित असला तर फायरवॉल बंद असलेला संगणक त्याच्यापुढे उघडा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाची साथ जगभर पसरली ती विंडोजच्या फाइल देवाणघेवाणीच्या ४४५ क्रमांकाच्या दारातून. पुढच्याच महिन्यात दुसरी साथ आली. तिच्या अनेक वाटांपैकी एक तीच होती. त्या वेळी आपल्या शेजारच्या न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे संगणक ठप्प झाले आणि कंटेनरचे काम विस्कळीत झाले. हे काही दूर अमेरिकेत घडलेले नाही.

आणि या खेळाच्याच नावाने सांगतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने जगभरातील लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यामागे कॉलेजवयाची मुले होती आणि माइनक्राफ्टचे सर्व्हर पाडण्याच्या धंद्याशी त्याचे मूळ जोडलेले होते. आत शिरायला काही मोठी विद्या लागली नव्हती. कारखान्यातून आलेला पासवर्ड लोकांनी बदललाच नव्हता, एवढेच. डिसेंबर २०२१ मध्ये जावा आवृत्तीतच मोठे भगदाड सापडले. त्याच महिन्यात १.१८.१ आवृत्ती काढून ते बुजवावे लागले. म्हणून जुना सर्व्हर तसाच चालवू नये.

आमच्या घरचे नियम आता भिंतीवर लावले आहेत. राउटरचा पासवर्ड बदललेला. सर्व्हरमध्ये 'व्हाइटलिस्ट' चालू, म्हणजे यादीत नाव असेल तोच आत. राउटरमधल्या 'डीएमझेड' या सोयीला हात लावायचा नाही, कारण ती एक दार नव्हे, सगळीच दारे उघडते. पत्ता मोठ्या ग्रुपवर टाकायचा नाही. खेळ संपला की सर्व्हर बंद. आणि दाखले व हिशेब यांची एक प्रत पेनड्राइव्हवर, कपाटात.

पालकांना एकच विनंती. मूल काही उघडत असेल तर ओरडण्याआधी शेजारी बसा. आपल्याला कळत नाही असे वाटले तरी बसा. मलाही कळत नव्हते. चिरंजीवांनी आता एक वही केली आहे. तारीख, कोण आले, दार कधी बंद केले. परवा तपासली. एका रात्रीची 'बंद' नोंद राहिली होती. विचारले तर म्हणाला, "बाबा, त्या दिवशी तुम्हीच माझ्या जागी खेळत बसला होता."