मिठागर, बंदर आणि करार

जकात, सीमाशुल्क, व्यापारी करार असे शब्द कानांवर पडले, की सामान्य माणूस त्यांच्याकडे पाठ फिरवतो. हे विषय व्यापाऱ्यांचे आणि सरकारचे. आपला त्यांच्याशी काय संबंध, असे त्याला वाटते. हा समज किती चुकीचा आहे, हे पाहायचे असेल तर गोव्यातील मुरगाव बंदराचा आणि तेथील मिठागरांचा इतिहास आठवावा.

एकोणिसाव्या शतकात गोव्यावर पोर्तुगिजांचा अंमल होता आणि गोव्याच्या जमिनीवरील सीमेला लागून ब्रिटिशांच्या ताब्यातील किंवा वर्चस्वाखालील मुलूख होता. गोव्याचे खारे पाणी आणि कडक ऊन यांवर तेथील मिठागरे पिढ्यान्पिढ्या चालत आली होती. भरतीचे पाणी बांध घातलेल्या वाफ्यांत घ्यावे, उन्हात आटवावे आणि तळाशी जमलेले मीठ ओढून त्याच्या राशी कराव्यात, असा तो कष्टाचा व्यवसाय. हे मीठ स्वस्त होते. उलट ब्रिटिश हिंदुस्थानात मिठावर जबर कर होता. १८७८ साली मुंबई इलाख्यात तो मणामागे अडीच रुपयांपर्यंत वाढवण्यात आला. सीमेच्या एका बाजूला वस्तू स्वस्त आणि दुसऱ्या बाजूला महाग असली, की ती चोरवाटांनी सीमा ओलांडणारच. ही चोरटी आयात ब्रिटिशांना सलत होती.

पोर्तुगीज सरकारची अडचण वेगळी होती. त्याच्याजवळ मुरगावसारखे उत्तम नैसर्गिक बंदर होते. परंतु सह्याद्रीपलीकडचा माल तेथवर आणणारी रेल्वे नव्हती. या दोन गरजांतून २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे एक करार झाला. जानेवारी १८८० मध्ये तो बारा वर्षांसाठी अमलात आला. गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधील जकात उठली, दोहोंकडे जकातीचे दर एक झाले आणि मुरगावपासून घाटापलीकडे रेल्वे बांधण्याचे ठरले. त्याच्या मोबदल्यात गोव्यातील मिठाचे नियंत्रण ब्रिटिशांच्या हाती गेले. दारूवरील अबकारीही ब्रिटिश पद्धतीने बांधली गेली. भरपाई म्हणून पोर्तुगीज सरकारला दरवर्षी चार लाख रुपये मिळू लागले.

आता प्रश्न असा, की या करारात लाभ कोणाचा झाला आणि तोटा कोणाला सोसावा लागला? चार लाख रुपये सरकारी तिजोरीत जमा झाले; मिठागरात राबणाऱ्यांच्या हाती त्यांतले काय आले? मीठ पिकवण्यावर निर्बंध आले, अनेक मिठागरे ओस पडली आणि ज्यांच्या अंगणाजवळ मीठ पिकत होते, त्यांनाच ते चढ्या भावाने विकत घेण्याची पाळी आली. गोव्यातून मुंबईकडे पोटासाठी जाणाऱ्यांची रीघ पूर्वीपासून होती आणि तिची कारणेही अनेक होती. पण घरचा धंदा मोडल्यावर परगावची वाट धरणे अधिकच अटळ होते.

याला दुसरी बाजू नाही, असे मात्र कोणी समजू नये. जकात उठल्यामुळे गोव्याच्या मालाला सीमेपलीकडची बाजारपेठ मोकळी झाली. १८८८ साली रेल्वे घाट चढून ब्रिटिश हद्दीतील रेल्वेला जाऊन मिळाली. मुरगाव हे आजही देशातील एक प्रमुख बंदर आहे. तेव्हा व्यापारी करार मुळातच वाईट असतात, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. सीमा खुल्या होणे ही चांगली गोष्ट आहे. रेल्वे आणि बंदर या तर फारच चांगल्या गोष्टी आहेत.

दोष होता तो ठरवण्याच्या रीतीत. करार दूर लिस्बनमध्ये झाला. जकातीचे दर ठरवताना मुख्य विचार होता तो ब्रिटिश हिंदुस्थानचा, आणि तेथेही हिंदी प्रजेला विचारण्याची प्रथा नव्हती. १८८२ साली ब्रिटिश हिंदुस्थानने बहुतेक आयातमालावरील जकात रद्द केली. याचा मोठा फायदा मँचेस्टरच्या कापडाला झाला. येथील उगवत्या गिरण्यांचे काय होईल, याची चिंता राज्यकर्त्यांनी केली नाही. ज्याच्या पोटावर निर्णयाचा घाव बसतो, तो माणूस निर्णयाच्या बैठकीत कुठेच नव्हता. १८९२ साली कराराची मुदत संपली, तो पुन्हा झाला नाही आणि सीमेवर जकात परत आली. तेव्हाही मिठागरवाल्याला कोणी विचारले नाही.

पुढे १९३० साली महात्मा गांधींनी दांडीला मूठभर मीठ उचलले. गोव्याच्या सीमेजवळील शिरोडे येथेही त्याच वर्षी मिठाचा सत्याग्रह झाला. जो प्रश्न करारांच्या कागदांत दडपला गेला होता, तो अशा रीतीने जनतेने स्वतः उघड्यावर आणला.

आज राज्य आपले आहे. सीमाशुल्काचे दर आपल्या संसदेपुढे येतात. इतर देशांशी होणाऱ्या करारांच्या बातम्या वर्तमानपत्रांत छापून येतात. कांद्याची निर्यात, खाद्यतेलाची आयात, कापसाचा भाव हे सारे त्यांत गुंतलेले असते. म्हणून अशी बातमी दिसली, की पान उलटू नये. या करारामुळे देशाला किती मिळणार, एवढे विचारून थांबूही नये. मिळणारे कोणाच्या घरी जाणार, गमावणारा कोण आणि त्याचे म्हणणे कोणी ऐकले काय, हेही विचारावे. मुरगावच्या त्या करारात बंदराचा विचार झाला, रेल्वेचा झाला, तिजोरीचाही झाला; राहून गेला तो केवळ माणसाचा. ती चूक पुन्हा होऊ न देणे हे जागरूक नागरिकाचे काम आहे.