पुड्यांच्या कागदातून झालेली लेखिका



‘घरात पुस्तकांनी भरलेलं कपाट असलं की मूल आपसूक लेखनाकडे वळतं’, हे गेल्या अंकातल्या पत्रलेखकांचं म्हणणं पटलं नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आणलेली वर्तमानपत्रांची रद्दी दुकानात बसल्या बसल्या वाचू लागल्या आणि पुढे स्वतःच लिहू लागल्या. वह्या मात्र नवऱ्याच्या नजरेस पडू नयेत म्हणून वर्षानुवर्षं दडवून ठेवल्या. नावाची हौस असती तर असं कुणी करेल का? आपल्या माणसांनी, त्यातही बायकांनी, काय सोसलं हे सांगितल्यावाचून राहवेना, हेच कारण मला खरं वाटतं. हेच लेखन ‘जिणं आमुचं’ या नावानं १९८६ साली पुस्तकरूपात आलं. पत्रलेखकांनी ते जरूर वाचावं.

— एक वाचक