काळ्या कागदाची टोपी कोणाच्या डोक्यावर?

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की बंगळुरू, गुरुग्राम, हैदराबाद, पुण्यातल्या कंपन्यांमध्ये आणि खासगी विद्यापीठांच्या वसतिगृहांत कात्री आणि गोंद बाहेर निघतो. ३१ तारखेला हॅलोविन असतो आणि सजावट स्वतःच्या हातांनी केली की जास्त मजा येते, असा सगळ्यांचा समज असतो. काळ्या कार्डशीटचा शंकू वळवायचा, खाली गोल कड चिकटवली की टोपी झाली. खाकी कागदी पिशवीच्या पट्ट्या कापून काठीला बांधल्या की झाडू झाला. जुन्या पातेल्याला काळा रंग देऊन त्यात हिरवे फुगे ठेवले की उकळता काढा झाला. शेवटी चेहरा: हिरवी कातडी, बाकदार नाक, नाकावर चामखीळ, दात पडलेलं तोंड. चेटकीण तयार.

त्याच भिंतीवर भोपळा असतो, वटवाघूळ असतं, सांगाडा असतो, पांढऱ्या कापडाचं भूत असतं. त्यांची कितीही थट्टा केली तरी कोणाचं काही बिघडत नाही. चेटकिणीचं तसं नाही. आपल्या भाषेने हा फरक नीट ओळखला आहे. हडळ म्हणजे मेलेल्या बाईचं भूत. नंदुरबारच्या डोंगरात जिला डाकीण म्हणतात, झारखंड-बिहारमध्ये डायन आणि छत्तीसगडमध्ये टोनही म्हणतात, ती मात्र जिवंत बाई असते. तिचं रेशनकार्ड असतं, शेताचा तुकडा असतो, आणि तिला मारता येतं. हॅलोविनच्या साऱ्या सजावटीत जिच्या नावाने खऱ्या माणसांचे जीव गेले, अशी आकृती ही एकच.

घरगुती सजावटीची ही प्रथा अमेरिकेत रुजली तिचा इतिहास बोलका आहे. हॅलोविनची मुळं आयर्लंड-स्कॉटलंडची. तिथल्या स्थलांतरितांबरोबर तो एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पसरला. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम गावात डेनिसन नावाची कंपनी क्रेप कागद बनवायची. तिने १९०९ साली ‘बोगी बुक’ नावाची पुस्तिका काढली. घरच्या घरी हॅलोविनची सजावट कशी करावी, हे तिच्यात शिकवलेलं असे, आणि पुढची बरीच वर्षं तिच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. कागदी चेटकीण घरोघरी पोहोचली त्यात या पुस्तिकांचा मोठा हात आहे. हिरवा चेहरा त्यानंतरचा. तो १९३९ च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ या रंगीत चित्रपटाने लोकांच्या डोक्यात पक्का बसवला.

त्याच फ्रेमिंगहॅममध्ये ‘सेलम एंड’ नावाचा रस्ता आजही आहे. १६९२ साली याच राज्यातल्या सेलममध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून खटले चालले. रिबेका नर्स, मेरी ईस्टी आणि सारा क्लॉइस या तिघी सख्ख्या बहिणी. पहिल्या दोघींना फाशी झाली. सारा तुरुंगातून वाचली आणि कुटुंबासह सेलम सोडून फ्रेमिंगहॅमला जाऊन राहिली. तिच्यासारख्या आसरा शोधत आलेल्या कुटुंबांमुळे त्या भागाला ते नाव पडलं. म्हणजे जिथे चेटकीण ठरवलेल्या बायकांच्या कुटुंबांनी आसरा घेतला, त्याच गावातून दोनशे वर्षांनी कागदी चेटकिणी विकल्या गेल्या.

सेलममध्ये १९ जणांना फाशी दिली, त्यांपैकी १४ बायका होत्या. एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडून मारलं. आणखी काही जण तुरुंगात मेले. सुरुवातीला पकडल्या त्या तिघी कोण होत्या ते पाहा. टिटुबा ही पाद्र्याच्या घरातली गुलाम बाई. सारा गुड ही भीक मागून जगणारी. सारा ऑस्बर्न ही आजारी आणि जमिनीच्या वादात अडकलेली. जात नसलेल्या समाजातही आरोप उताराकडेच वाहत गेला. पुढे तो प्रतिष्ठितांच्या दारापर्यंत पोहोचला, तेव्हा कुठे खटले थांबवण्याची निकड राज्यकर्त्यांना वाटली.

आता सजावटीतल्या वस्तू पुन्हा बघा. झाडू, पातेलं, मांजर, औषधी पाला. गरीब, एकट्या बाईच्या घरात दुसरं असणार तरी काय? तिच्या रोजच्या वापरातल्या वस्तूच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरल्या. झाडूचं हे रूप आपल्याला नवीन नाही. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्यांना कमरेला झाडू बांधून फिरावं लागे, याची नोंद बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त केली आहे. जे हत्यार हातात घेऊन माणूस राबतो, तेच त्याच्या अंगावर कलंक म्हणून लटकवायचं, ही युक्ती दोन्हीकडे सारखीच आहे.

पहिल्या पिढीचे पदवीधर म्हणून आपण आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. चेटकिणींची शिकार हा अडाणी लोकांचा उद्योग, असं आपल्याला शिकवलं जातं. सेलमचा मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन हार्वर्डचा पदवीधर होता. त्याच्या नावाची इमारत हार्वर्डमध्ये आजही उभी आहे. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकादरम्यान चाळीस ते साठ हजार माणसं अशा आरोपांखाली मारली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यातल्या कितीतरी खटल्यांमागे कायदा, धर्मशास्त्र आणि छापील ग्रंथ होते. त्यामुळे डायनप्रथेची बातमी आली की ‘आदिवासींची अंधश्रद्धा’ म्हणून मोकळं होणाऱ्यांना हा इतिहास ऐकवला पाहिजे. आरोपामागे बहुतेकदा जमीन असते, विधवेचा वाटा असतो, गावात दवाखाना नसताना दगावलेलं मूल असतं.

मग या भीतीचं खेळणं झालं कसं? भीती संपली म्हणून. मॅसॅच्युसेट्सने १७११ मध्येच अनेकांची शिक्षा रद्द करून वारसांना भरपाई दिली. १९९२ मध्ये सेलममध्ये स्मारक उभं राहिलं, तिथे मारल्या गेलेल्या वीस जणांची नावं दगडात कोरली आहेत. २०२२ मध्ये एलिझाबेथ जॉन्सन या शेवटच्या राहिलेल्या दोषी बाईलाही निर्दोष ठरवलं, आणि त्यासाठी पाठपुरावा केला होता तो आठवीच्या वर्गातल्या मुलांनी. त्याच वर्षी ८ मार्चला स्कॉटलंडच्या तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी तिथल्या पीडितांची जाहीर माफी मागितली. आज सेलमच्या पोलिसांच्या बिल्ल्यावर झाडूवर बसलेली चेटकीण आहे. ही थट्टा बरी की वाईट, ते तिथल्या लोकांनी ठरवावं. पण तिथे रस्त्याने जाणाऱ्या म्हातारीला त्या बिल्ल्यामुळे धोका नाही.

आपल्याकडे धोका आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात खुनाच्या कारणांमध्ये जादूटोण्याचा वेगळा रकाना आहे. बिहारने १९९९ मध्ये, छत्तीसगडने २००५ मध्ये, ओडिशाने २०१३ मध्ये, राजस्थानने २०१५ मध्ये यासाठी खास कायदे केले. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर आलेला. तरीही जुलै २०२५ मध्ये बिहारच्या पूर्णिया जिल्ह्यात एका आदिवासी कुटुंबातल्या पाच जणांना डायन ठरवून जाळण्यात आलं. झारखंडच्या छुटनी महतो यांना गावाने डायन ठरवून छळलं. त्या त्यातून उभ्या राहिल्या आणि पुढे त्यांनी त्यांच्यासारख्या कितीतरी बायकांना वाचवलं. आसामच्या बिरुबाला राभा यांनी आयुष्य याच लढाईत घातलं. २०२१ मध्ये दोघींना पद्मश्री जाहीर झाली. पण त्यांचे चेहरे ओळखणारे आपल्या ऑफिसात किती निघतील? हिरव्या चेहऱ्याची म्हातारी मात्र प्रत्येकाला ओळखू येते.

दोन आक्षेप येतील. ‘सण परदेशी आहे, आपल्या संस्कृतीत बसत नाही,’ असं म्हणणारे आपल्या बाजूला येऊन उभे राहू पाहतील. त्यांच्याशी आपलं काही देणंघेणं नाही. परदेशी पुस्तकांनी आणि परदेशी विद्यापीठांनी आपल्याला बळ दिलं आहे, आणि बाईला डाकीण ठरवणारी ‘आपली संस्कृती’ आपल्याला नको आहे. दुसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे. १९६८ च्या हॅलोविनला न्यूयॉर्कमधल्या स्त्रीवाद्यांनी चेटकिणीचा वेश घालून मोर्चा काढला आणि ती शिवी अभिमानाने मिरवली. शिवी उलटवण्याचं मोल आपल्याला माहीत आहे. पण ती उलटवायची कुणी? जिला ती दिली गेली, तिने. भिंतीवरच्या त्या विद्रूप म्हातारीत कसलाही अभिमान नाही. ती आजही आरोप करणाऱ्याच्याच नजरेतून काढलेली असते.

तेव्हा सजावट करू नका, असं कोणी म्हणत नाही. भोपळे कोरा, वटवाघळं कापा, सांगाडे लटकवा. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये पूर्वी सलगम पोखरून दिवे करत, तसे करून बघा, स्वस्तही पडतील. फक्त म्हातारीचा चेहरा वगळा. सजावटीच्या बैठकीत हे बोलायला धीर लागतो, कारण हॅलोविन माहीत नसणं हे मागासपणाचं लक्षण आणि त्याबद्दल बोलणं हे रंगाचा बेरंग करणं समजलं जातं. पण त्या बैठकीत डाकीण हा शब्द गावात ऐकलेला माणूस बहुधा आपल्यातलाच असतो. बाकीच्यांना तो फक्त चित्रात भेटला आहे. कोणी ‘का’ म्हणून विचारलं, तर सेलमच्या तीन बहिणी आणि छुटनी महतो यांच्याबद्दल दोन मिनिटं सांगा. सहकारी ऐकतील. न ऐकल्यास निदान काळ्या कागदाचा शंकू वळवताना तो कोणाच्या डोक्यावर ठेवतोय, हे त्यांना ठाऊक असेल.