पुडी कोणीं आणावी ?

वडिलांची आज्ञा पाळावी, हें आम्ही मुलांस नित्य शिकवितों. परंतु एक आज्ञा मुलांनीं नम्रपणें नाकारावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. 'जा बाळ, कोपऱ्यावरून तंबाखूची पुडी घेऊन ये,' ही ती आज्ञा होय.

या मतास आधार काय, तें सांगतों. तोंड, जीभ, घसा व स्वरयंत्र यांचा कर्करोग आपल्या देशांत फार फैलावला आहे. २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणें भारतांत केवळ ओठ व तोंड यांच्या कर्करोगाचे १ लक्ष ४० हजारांहून अधिक नवे रोगी झाले. हा दैवाचा कोप नव्हे. तंबाखू, सुपारी व मद्य हीं याचीं मुख्य कारणें. आणि तंबाखू व मद्य एकत्र आलीं म्हणजे धोका नुसत्या बेरजेहून अधिक वाढतो. घशाच्या कर्करोगास क्वचित् विषाणूहि कारण होतो. पण आपल्याकडे मोठा वाटा पुडीचाच आहे.

कित्येक म्हणतात, 'आम्ही विडी ओढीत नाहीं, नुसती तंबाखू चघळतों.' हा भ्रम होय. चुना लावलेली चिमूट गालांत जेथें तासन् तास राहते, तेथेंच बहुधा व्रण उठतो. कित्येक माता दांतांस मिश्री लावतात. तीहि भाजलेली तंबाखूच. सुपारी तर तंबाखूवांचूनहि कर्करोगास कारण होते, असें आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत म्हटलें आहे. तिच्या योगानें गालांचें अस्तर ताठरतें व तोंड उघडेनासें होतें.

२००३ च्या कायद्यानें १८ वर्षांखालील मुलांस व शाळेपासून १०० यार्डांच्या आंत तंबाखू विकणें मना आहे. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यावरहि बंदी आली. तथापि जेथें बापच मुलास दुकानीं धाडतो, तेथें कायद्यानें काय करावें ? आठव्या वर्षीं पुडी आणणाऱ्या मुलास तिचा वास परिचयाचा होतो, आणि एके दिवशीं त्यांतील चिमूट तो स्वतःच्या तोंडांत टाकतो. तेव्हां दोष कोणाचा ?

पालकांस आम्ही कठोर शब्द बोलूं इच्छित नाहीं. दिवसभर राबणाऱ्या माणसास ही सवय कशी जडते व ती सोडणें किती कठीण, हें आम्ही जाणतों. सुटेल तर आजच सोडावी. न सुटे तोंवर निदान पुडी आपली आपण आणावी. आणि तोंडांत पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवडे न भरणारा व्रण, बसलेला आवाज किंवा मानेंत गांठ आढळल्यास डॉक्टरांस दाखविण्यास विलंब लावूं नये. आरंभीं ओळखलेला रोग पुष्कळदां बरा होतो.

विद्यार्थ्यांनो, नकार देतांना उद्धटपणा नको. 'बाबा, आपण आम्हांस पुष्कळ वर्षें हवे आहांत,' एवढेंच म्हणा. हें ऐकून ज्या घरीं एक पुडी यावयाची राहील, तेथें आज्ञाभंग झाला असें आम्ही म्हणणार नाहीं.