दाढीनंतरचा सुगंध आणि गालाची त्वचा

अलीकडे आयुर्वेदीय औषधनिर्मात्यांच्या सूचिपत्रांत चूर्णे, आसवे आणि तेले यांच्या पंक्तीस 'आफ्टरशेव्ह लोशन' हे नाव वरचेवर दिसू लागले आहे. या पाहुण्याचे आम्हांस वावडे नाही. केश, श्मश्रू व नखे यांची निगा राखणे हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानात आयुष्यवर्धक कर्म म्हणून सांगितले आहे. तेव्हा क्षौरानंतर त्वचेस काही लावावे, हा विचार आपल्या परंपरेस परका नाही. आमचा आक्षेप आहे तो या लोशनची विक्री ज्या एका गुणावर चालते, त्या गुणास. औषधविक्रेते सांगतात की, गिऱ्हाईक बाटली उघडून हुंगते आणि लगेच विचारते, "वास किती वेळ टिकतो?" गालास कसे वाटेल, हे क्वचितच कोणी विचारतो. आपल्या निर्मात्यांनीही हाच प्रश्न प्रमाण मानला आहे आणि 'दिवसभर दरवळ' ही अक्षरे 'चंदन, वाळा, स्फटिकायुक्त' या अक्षरांहून मोठी छापली जात आहेत.

प्रथम वासाचे पाहू. आफ्टरशेव्हमध्ये सुगंधी द्रव्य साधारणतः एक ते तीन टक्के असते. अत्तरसदृश परफ्यूममध्ये ते वीस टक्क्यांच्या घरात जाते. त्यामुळे आफ्टरशेव्हचा वास दोन-तीन तासांत ओसरणे हा त्याचा दोष नसून स्वभाव आहे. लिंबू-संत्र्याच्या जातीचे हलके वास अर्ध्या तासातच उडतात, लव्हेंडरसारखे मधले वास काही वेळ रेंगाळतात आणि चंदन, वाळा, नागरमोथा यांतील जड द्रव्ये सर्वांत शेवटी जातात. विदर्भातल्या वैशाखात हा सारा क्रम आणखी लवकर आटोपतो, कारण उष्णतेने बाष्पीभवन वाढते आणि घामाने उरलेसुरले धुऊन निघते. शिवाय नाकही फसवते. एकच वास सतत येत राहिला की घ्राणेंद्रिय काही मिनिटांत त्यास सरावते. लावणाऱ्यास तो गेला असे वाटते आणि शेजारी बसलेल्यास मात्र तो चांगलाच येत असतो. 'वास टिकत नाही' या तक्रारीतील बराच भाग बाटलीचा नसून नाकाचा असतो, हे विक्रेत्याने गिऱ्हाइकास सांगावयास हरकत नाही.

आता त्वचेचे. वस्तरा केसांबरोबर त्वचेचा वरचा थर आणि त्यावरील स्निग्धांशही खरवडून नेतो. त्यात साबण क्षारधर्मी, आणि निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी. अशा उघड्या पडलेल्या त्वचेवर आपण मद्यार्क ओततो. मद्याचे उष्ण, तीक्ष्ण, सूक्ष्म, रूक्ष हे गुण आपणांस पाठ आहेत. त्याचा प्रत्यय येण्यास गालावरचा एक हबका पुरेसा आहे. आधुनिक संशोधनही निराळे सांगत नाही. त्वचेतील उष्णतेची जाणीव देणारा ग्राहक एरवी सुमारे ४२ अंशांस जागा होतो. मद्यार्काच्या सान्निध्यात तो ३४ अंशांच्या आसपासच जागा होतो, आणि मग शरीराची स्वतःची ऊबच दाहासारखी भासते. मागाहून वाटणारा गारवा काही अंशी बाष्पीभवनाचा आणि पुष्कळदा मेंथॉलचा असतो. मेंथॉल त्वचेचे तापमान फारसे उतरवीत नाही. २००२ मध्ये शोधल्या गेलेल्या शीतसंवेदी ग्राहकास ते चेतविते, इतकेच. झोंबले म्हणजे औषध लागू पडले, ही लोकांची समजूत. ती दूर करणे वैद्यांचे काम आहे. तिच्यावर व्यापार करणे नव्हे.

सुगंध टिकवावयाचा म्हणजे त्यास धरून ठेवणारे जड, सावकाश उडणारे द्रव्य मिसळावे लागते. जे सावकाश उडते ते त्वचेवर अधिक काळ राहते, आणि जे अधिक काळ राहते त्यास त्वचेत शिरण्यासही अधिक वेळ मिळतो. याचा धडा पाश्चात्त्यांनी महागात घेतला. मस्क अँब्रेट नावाची कृत्रिम कस्तुरी सुगंध स्थिर करण्यासाठी आफ्टरशेव्हमध्ये सर्रास वापरली जाई. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिच्यामुळे पुरुषांच्या चेहऱ्यावर सूर्यप्रकाशाने उद्भवणारा त्वचाशोथ नोंदविला गेला. काहींना तर लोशन सोडल्यावरही ऊन सोसेनासे झाले. १९९५ मध्ये युरोपीय संघाने प्रसाधनांत तिच्यावर बंदी घातली. उन्हात हिंडणाऱ्या आपल्या समाजाने ही हकीकत विसरू नये.

'आमचे द्रव्य वनस्पतिज आहे' असे म्हणून आपली सुटका होत नाही. बर्गमॉटच्या तेलातील काही घटक उन्हाच्या संयोगाने त्वचेवर काळे डाग पाडतात. लिनालूल व लिमोनीन ही आपल्या अनेक सुगंधी वनस्पतींत असणारी द्रव्ये ताजी असता बहुधा सौम्य असतात, पण हवा लागून जुनी झाली की त्यांपासून ॲलर्जी उत्पन्न करणारी द्रव्ये बनतात. दुकानाच्या दर्शनी काचेत, उन्हात, महिनोन्महिने ठेवलेली अर्धी 'टेस्टर' बाटली म्हणूनच आम्हांस संशयास्पद वाटते. युरोपात २००३ च्या निर्देशाने अशा २६ सुगंधी द्रव्यांची नावे, त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनात ती ०.००१ टक्क्याहून अधिक असल्यास, वेष्टनावर छापणे आवश्यक ठरले. २०२३ मध्ये ही यादी ऐंशीच्या वर गेली आणि तीत चंदनतेलही आले. आपल्याकडे मात्र 'सुगंधी द्रव्य - आवश्यकतेनुसार' या तीन शब्दांवर भागते!

परंतु फार्मसीचालकांपुढे आम्हांस मुख्यतः मांडावयाचा मुद्दा निराळाच आहे. तुरटी पाण्यात विरघळते, मद्यार्कात विरघळत नाही. सुगंधी तेल मद्यार्कात विरघळते, पाण्यात विरघळत नाही. म्हणजे साठ-सत्तर टक्के मद्यार्काच्या लोशनमध्ये कामापुरती तुरटी राहूच शकत नाही; ती एक तर तळाशी स्फटिकरूपाने बसते किंवा नावापुरती घातलेली असते. उलट तुरटी नीट घालावी तर पाण्याचा अंश वाढवावा लागतो, सुगंध कमी करावा लागतो, नाही तर द्रावण दुधाळते. या दोहोंतून एकाची निवड करावीच लागते आणि आपले बहुतेक निर्माते सुगंधाची निवड करून वेष्टनावर तुरटीचे नाव छापतात, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते. २०१० मध्ये औषध नियमांत १५८-ब हा नियम येऊन 'सौंदर्यप्रसाधक' कल्पांस परवान्यासाठी स्वतंत्र वर्ग मिळाला. त्या वर्गाच्या आश्रयाने कोलोन विकणे, हे त्या मान्यतेचे चीज करणे नव्हे.

आपल्या जुन्या रीतीत या दोन गोष्टींची गल्लत नव्हती. गालावर फिरे तो तुरटीचा खडा: कषाय, स्तंभन, रक्तस्राव थांबविणारा, साबणाचा क्षार मारणारा आणि गंधहीन. (एकच खडा दहा जणांच्या गालांवर फिरविण्याचे समर्थन आम्ही करीत नाही.) सुगंध हवा असेल तर अत्तराचा फाया कानात, किंवा एक बोट अंगरख्यास. कापडावर अत्तर त्वचेपेक्षा जास्त टिकते आणि कोणाचा गाल भाजत नाही. लग्नसमारंभात अत्तरदाणी फिरे तीही मनगटाच्या मागे लावण्यासाठी. नुकत्याच खरवडलेल्या हनुवटीस अत्तर चोपडल्याचे आम्ही कधी पाहिले नाही.

आयुर्वेदीय लोशन करावयाचेच तर चरकोक्त दाहप्रशमन गणातील चंदन व उशीर हाताशी आहेत. वाळ्याचे अर्कजल हा आधार, त्यात अल्प तुरटी, थोडा कोरफडीचा गर, रूक्षता राहू नये म्हणून किंचित ग्लिसरीन आणि नासू नये म्हणून मान्य परिरक्षक, एवढ्यावर उत्तम कल्प होऊ शकतो. त्याचा वास तासाभरात जाईल. तो जातो हे वेष्टनावर स्पष्ट छापावे. त्यात कमीपणा नाही. विक्रेत्यांनी अशा कल्पाची छोटी बाटली गिऱ्हाइकास द्यावी आणि आठ दिवस एका गालास ती व दुसऱ्या गालास नेहमीचे लोशन लावावयास सांगावे. दुपारी कोणता गाल ओढल्यासारखा वाटतो, कोणत्यावर पुटकुळ्या येतात, हे त्याचे त्यालाच कळेल. ज्यांच्याकडे दाढीनंतरच्या लालीचे व कंडूचे रुग्ण येतात त्या वैद्यांनी लोशनची बाटली मागवून घ्यावी, घटकांची यादी वाचावी आणि ती उलटी करून तळाशी काय बसले आहे तेही पाहावे.